कोपऱ्यातलं चिन्ह

जानेवारीत ॲबर्डीनला दुपारी चार वाजता घरात दिवे लावावे लागतात. तशाच एका संध्याकाळी लेक शाळेतून आली, दप्तर जिन्यातच टाकलं आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "मम्मा, सही पाहिजे." पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म होता. कागदावर उभे रकाने, प्रत्येक रकान्यातून एकच विषय घ्यायचा. गणित, इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री इथपर्यंत सगळं आमच्या मनासारखं. पण ज्या रकान्यात बायोलॉजी होतं, त्यात तिनं बरोबरची खूण दुसऱ्याच चौकोनात केली होती: ग्राफिक कम्युनिकेशन.

"हे काय? चित्रकला?" नवरा सोफ्यावरूनच म्हणाला.

"नाही बाबा. ड्रॉइंग. म्हणजे टेक्निकल ड्रॉइंग, आणि कॅड, आणि डीटीपी."

"मग डीटीपी सेंटर काढणार का?"

आम्ही दोघंही मेकॅनिकल इंजिनिअर. तो इथे तेलाच्या क्षेत्रात, मी लग्नाआधी पुण्यात पाच वर्षं डिझाइन विभागात. ज्या विषयावर आमचं दोघांचं पोट चाललं, तोच विषय मुलीनं घेतला तर नाकं मुरडणारेही आम्हीच. बायोलॉजी सोडलं तर डॉक्टरकीचं दार बंद होईल, असं नवऱ्याचं म्हणणं. मुलीला रक्त बघून चक्कर येते हे त्याला माहीत होतं, पण दार उघडं राहिलेलं बरं, असं आपल्याला उगाच वाटत असतं. तीन दिवस घरात धुसफूस चालली. चौथ्या दिवशी मी सही केली. ती काही फार विचार करून नव्हे; फॉर्म परत द्यायचा शेवटचा दिवस होता म्हणून.

भारतातल्या नातेवाइकांसाठी इथलं गणित थोडक्यात सांगते, कारण दर फोनला "म्हणजे ती आता कितवीत?" हा प्रश्न असतोच. स्कॉटलंडची शिक्षणपद्धत इंग्लंडपेक्षा वेगळी आहे. लंडनकडच्या मैत्रिणी जीसीएसई आणि ए लेव्हल म्हणतात, ते इथे नाही. इथे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षी नॅशनल फाइव्ह, पाचव्या वर्षी हायर आणि सहाव्या वर्षी हवं असेल तर ॲडव्हान्स्ड हायर. विद्यापीठं बघतात ते मुख्यतः हायरचे ग्रेड. साधारण पाच विषय, म्हणजे आपल्या बारावीसारखंच वजनदार वर्ष, फक्त मुलं सोळा-सतरा वर्षांची.

आणि या हायरच्या यादीत गणित-फिजिक्सच्या शेजारी ग्राफिक कम्युनिकेशन हा स्वतंत्र विषय बसलेला आहे. नावावरून जाहिरात कंपनीतलं काहीतरी वाटतं, पण अर्धा विषय म्हणजे आपलं जुनं अभियांत्रिकी ड्रॉइंग: प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, आयसोमेट्रिक, टॉलरन्स. उरलेला अर्धा म्हणजे पानाची मांडणी, अक्षरं, रंग, छपाई. या सगळ्याला ते तीन 'पी' म्हणतात. प्रिलिमिनरी म्हणजे सुरुवातीची हाताने काढलेली रेखाटनं. प्रॉडक्शन म्हणजे कारखान्यात जाणारं मापांचं ड्रॉइंग. प्रमोशनल म्हणजे तीच वस्तू विकायला ठेवताना केलेलं पत्रक किंवा मासिकातलं पान. एकाच वस्तूचे तीन कागद, तीन वेगवेगळ्या माणसांसाठी. पहिला स्वतःसाठी, दुसरा कारागिरासाठी, तिसरा गिऱ्हाइकासाठी.

पहिल्यांदा मला ही मिसळ विचित्रच वाटली. मग एकदम आठवलं, की आपणही हेच केलंय! शाळेत असताना शनिवार-रविवारी जाऊन एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या ना? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि एक पेपर असायचा भूमिती आणि अक्षरलेखनाचा. एकाच पेपरात कंपासनं षटकोन काढायचा आणि एकाच पेपरात चौकटी आखून अक्षरं लिहायची. ते दोन्ही एकत्र का, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. ग्रेडच्या सर्टिफिकेटवर समाधान मानलं.

आता आप्पांबद्दल. आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होते. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं ड्रॉइंग बोर्डासमोर. माझ्या लहानपणी आप्पांच्या शर्टाला अमोनियाचा वास यायचा. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेल्या ड्रॉइंगची प्रिंट काढायला अमोनिया लागायचा. चुकलं तर शाई रबरानं जात नाही, म्हणून ब्लेडचं अर्धं पातं घेऊन ती रेघ हलक्या हातानं खरवडायची, कागद न फाटता. हे काम मी त्यांच्या मांडीला टेकून तासन्‌तास बघितलंय. नव्वदच्या दशकात ऑफिसात कॉम्प्युटर आले, बोर्ड गच्चीवर गेले आणि आप्पा तपासणी विभागात. माउस हातात धरायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. "उंदराच्या शेपटीनं रेघ मारायची व्हय?" म्हणायचे.

तर लेकीनं व्हिडिओ कॉलवर आजोबांना विषयाचं नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. मग तिनं वही कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडे काही क्षण शांतता. मग आप्पांचा आवाज आला, "अगं, हे तर आमचंच की!"

त्या दिवसापासून रविवारी सकाळी दहाचा फोन ठरून गेला. तिकडे दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. आप्पांची वामकुक्षी बंद झाली, याबद्दल आई अजून मला बोलते.

पहिला वाद तिसऱ्याच रविवारी झाला. दोघांनी एकच वस्तू काढायची ठरवली, एक साधा एल आकाराचा ब्रॅकेट. आप्पांनी एलिव्हेशन वर काढलं आणि प्लॅन त्याच्या खाली. लेकीनं प्लॅन वर काढला आणि एलिव्हेशन खाली. दोघंही म्हणतात, तू चुकलास, तू चुकलीस. मी मध्ये पडले आणि आप्पांची बाजू घेतली, कारण मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तेच शिकले होते. एन. डी. भट्ट यांचं ते जाड पुस्तक, पाठीवर शीटचा लांब डबा, बसमध्ये लोकांच्या डोक्याला लागणारा ड्राफ्टर, सगळं डोळ्यासमोर आलं. प्लॅन खालीच असतो!

"मम्मा, थर्ड अँगल आहे," लेक म्हणाली.

तेव्हा ट्यूब पेटली. भारतात फर्स्ट अँगल शिकवतात, इथे शाळेत थर्ड अँगल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कागदावर चित्रांच्या जागा उलट होतात. आप्पांनी मग तिला जे समजावलं, ते मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष सुखाचं गेलं असतं. म्हणाले, "आपण वस्तूमागच्या भिंतीवर तिची सावली काढतो. वस्तू मध्ये, भिंत मागं. वरनं बघितलं तर सावली खाली जमिनीवर पडणार, म्हणून प्लॅन खाली. तुमची माणसं वस्तू काचेच्या पेटीत ठेवतात आणि काचेवरच गिरवतात. वरनं बघितलं ते वरच्या काचेवर, म्हणून प्लॅन वर. झालं." पाच वाक्यांत संपलं.

मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "कोपऱ्यातलं चिन्ह काढलंस का?"

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे नाव, तारीख, प्रमाण लिहितात, तिथे एक छोटं चिन्ह असतं. टोक कापलेला शंकू एका बाजूनं आणि त्याच्याशेजारी दोन वर्तुळं. शंकू कुठल्या बाजूला आणि वर्तुळं कुठल्या, यावरून कळतं की हे ड्रॉइंग सावलीचं आहे की काचेचं. नखाएवढं चिन्ह. लेकीनं काढलं नव्हतं. "सगळ्यांना माहितेय की थर्ड अँगल आहे," असं तिचं उत्तर. आप्पा काही बोलले नाहीत. पण दर रविवारी फोन ठेवताना विचारायचे, "चिन्ह?" ती वैतागून म्हणायची, "हो आजोबा, चिन्ह."

नॅशनल फाइव्हला तिला ए मिळाला. त्यामुळे हायरला तोच विषय चालू ठेवायला कुणी अडवलं नाही. नवऱ्याचा विरोधही मावळला होता. खरं म्हणजे तो रात्री तिच्या लॅपटॉपवर गुपचूप मॉडेल्स फिरवून बघताना मला दोनदा सापडला.

हायरला मात्र गाडी अडखळली. इथे मुख्य परीक्षा एप्रिलअखेरीला सुरू होते, पण त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत शाळा प्रीलिम घेते. त्यात ती जवळजवळ नापास झाली. आम्ही चाट पडलो. चित्र उत्तम काढणारी मुलगी, तिला झालं काय? शिक्षकांनी पालकभेटीत पेपर दाखवला, तेव्हा कळलं. हायरला एकूण १४० गुण. त्यातली ५० गुणांची असाइनमेंट शाळेत देखरेखीखाली आठ तासांत करायची, ती कॉम्प्युटरवर आणि हाताने. पण ९० गुणांचा अडीच तासांचा लेखी पेपर असतो आणि त्यात बहुतेक सगळं लिहून सांगायचं असतं. समोर एका वस्तूचं चित्र देतात आणि विचारतात: ही कॅडमध्ये कशी बनवाल, पायरीपायरीनं वर्णन करा. लेकीनं लिहिलं होतं, "वर्तुळ काढून ते बाहेर ओढेन." किती? कुठल्या पृष्ठभागावरून? कुठल्या अक्षाभोवती? काहीच नाही. तिच्या हाताला येत होतं, पण तोंडाला येत नव्हतं.

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी तिला बसव. कॅमेरा बंद कर."

"बंद?"

"बंद. आमचा पॅटर्नमेकर मिस्त्री होता, त्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत. फोनवरनं सांगावं लागायचं. फोनवर बोट दाखवता येत नाही."

तर खेळ असा ठरला. लेकीनं आमच्या स्वयंपाकघरातली एक वस्तू उचलायची, तिचं नाव सांगायचं नाही, फक्त वर्णन करायचं. आप्पांनी कोल्हापुरात कागदावर ते ऐकून काढायचं, शेवटी फोटो पाठवायचा. पहिली वस्तू होती पोळपाट. लेक म्हणाली, "एक गोल आहे." आप्पांनी एक वर्तुळ काढून फोटो पाठवला. नुसतं वर्तुळ, कागदाच्या मधोमध, बाकी काही नाही. आम्ही हसून हसून लोटपोट झालो, पण आप्पा हसले नाहीत. "तू गोल म्हणालीस, मी गोल काढला. बाकीचं मला काय ठाऊक?"

दुसऱ्या प्रयत्नाला तिनं पट्टी घेतली. आडव्या पातळीवर २४० मिलीमीटर व्यासाचं वर्तुळ, ते १५ मिलीमीटर वर एक्सट्रूड करायचं. मग खालच्या पृष्ठभागावर नवीन स्केच, मध्यापासून ८० वर एक छोटं वर्तुळ, ते खाली एक्सट्रूड. मग मधल्या अक्षाभोवती त्याच्या तीन प्रती, १२० अंशांनी. कोल्हापूरहून आलेल्या फोटोत पोळपाट होता. आईनं त्यावर एक पोळीही काढली होती!

पुढचे दोन महिने आमच्या घरातली एकही वस्तू सुटली नाही. आणि मला असं दिसायला लागलं, की हे सगळे अवघड शब्द स्वयंपाकघरात आधीपासून राहायला आहेत. एक्सट्रूड म्हणजे काय? सोऱ्यात पीठ भरून चांदणीच्या ताटलीतून दाबलं की बाहेर येते ती चकली: छेद सगळीकडे सारखा, लांबी हवी तेवढी. रिव्हॉल्व्ह म्हणजे लाटणं. अर्धीच कड काढायची आणि मधल्या अक्षाभोवती ३६० अंश फिरवायची, लेथवर धरल्यासारखी. तांब्या पण तसाच. पाथ धरून एक्सट्रूड म्हणजे छत्रीचा वाकडा दांडा: एक वर्तुळ आणि ते ज्या वाटेनं जायचं ती रेघ. शेल म्हणजे भरीव ठोकळा आतून कोरून केलेला डबा. लॉफ्टला मात्र आम्ही अडलो. एका टोकाला एक आकार, दुसऱ्या टोकाला दुसरा आणि मध्ये एकातून दुसऱ्यात जाणारं अंग. घरात सापडेना. आप्पांनीच सांगितलं, "पिठाच्या गिरणीवरची पत्र्याची पेटी. वर चौकोन, खाली गोल." लेकीनं आयुष्यात गिरणी बघितली नव्हती. आई दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेली तेव्हा तिनं त्या पेटीचा फोटो काढून पाठवला, गिरणीवाल्याच्या पांढऱ्या भुवयांसकट.

सेक्शन शिकवायला आप्पांनी बटाटा घेतला. कच्चा बटाटा कापून त्याचा ब्रॅकेट केला, मग सुरीनं मधोमध चिरला आणि कापलेली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. या दिवशी कॅमेऱ्याला परवानगी होती. "जिथं सुरी लागली, तिथं तिरप्या रेघा. जिथं भोक होतं तिथं सुरी लागली नाही, तिथं रेघा नाहीत." त्यात त्यांनी एक काडी खोचली, तो बोल्ट. "आता बोल्टमधनंच सुरी गेली, तर?" लेक म्हणाली, रेघा. "न्हाई. बोल्ट कापायचा नसतो. नट, बोल्ट, शाफ्ट आणि आधाराची पातळ फासळी, यांना लांबीत छेद गेला तरी रेघा मारायच्या नाहीत." का? कारण कापून आत बघण्यासारखं काहीच नसतं, आणि रेघा मारल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. हा नियम इंग्लंड, भारत, सगळीकडे तोच. अंतिम पेपराच्या तयारीत तिनं तो वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवला होता. तिचं मराठी लेखन म्हणजे काय सांगावं, 'बोल्ट कापाएचा नस्तो'.

बाकी विषयाच्या दुसऱ्या अर्ध्याचं, म्हणजे डीटीपीचं, श्रेय आप्पांना नाही. ते आमच्या गणपतीला. इथला मराठी ग्रुप छोटा आहे, तरी दरवर्षी आठ पानांची एक पुस्तिका काढतो. त्याआधीच्या वर्षी ती मी वर्डमध्ये केली होती आणि छापून आली तेव्हा मुखपृष्ठाच्या एका कडेला पांढरी पट्टी, दुसऱ्या कडेला जेवण प्रायोजित करणाऱ्या कुटुंबाचं आडनाव अर्धं कापलेलं. त्या वहिनी महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. लेकीनं ती पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाली, "मम्मा, ब्लीड ठेवलं नव्हतंस." रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल, तर तो कडेच्या बाहेर तीन मिलीमीटर जास्त घ्यायचा, कारण कागद कापताना पातं इकडेतिकडे सरकतंच. कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या रेघा म्हणजे क्रॉप मार्क. दोन रकान्यांमधली मोकळी पट्टी म्हणजे गटर. महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत. हे सगळं तिला पंधरा दिवसांपूर्वी वर्गात शिकवलं होतं आणि ते वापरायला कुठेतरी जागा हवीच होती.

पण शाळेतलं ज्ञान मराठीला लावताना तीही अडकली. तिनं ओळींमधलं अंतर इंग्रजीसारखं ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारात घुसले. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात. वर मात्रा, खाली उकार, म्हणजे जागा दोन्हीकडे लागते. तिनं मग अंतर वाढवलं, आठ पानांची दहा झाली, कमिटीत त्यावरून चर्चा झाली, ती असो. तिला मी सांगितलं, की कॉम्प्युटरवर जो 'मंगल' फॉन्ट आपोआप येतो, तो र. कृ. जोशी नावाच्या मराठी माणसानं केलेला आहे, आणि मराठी नाटकांची शीर्षकं रंगवणारे कमल शेडगे होते, ज्यांचं नुसतं अक्षर बघून नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. तिनं दोघांची कामं शोधून काढली आणि त्या रात्री बारापर्यंत जागी होती. उद्या शाळा आहे म्हणून मी ओरडले नाही.

त्याच सुमारास आम्ही एडिनबराला गेलो होतो. तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत रॉबर्ट बर्न्सचं प्रसिद्ध चित्र आहे, ते अलेक्झांडर नेस्मिथनं काढलेलं. लेक म्हणाली, "याचा मुलगा आमच्या विषयातला आहे." खरंच होतं. मुलगा जेम्स नेस्मिथ, जन्म १८०८, एडिनबराचाच, मोठा इंजिनिअर. ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन' जहाजासाठी प्रचंड शाफ्ट घडवायचा होता, तेवढा घण कुणाकडे नव्हता. नेस्मिथनं २४ नोव्हेंबर १८३९ ला आपल्या वहीत वाफेवर चालणाऱ्या घणाचं रेखाटन केलं. जहाजवाल्यांनी नंतर वल्ह्यांच्या चाकांऐवजी पंखा वापरायचं ठरवलं, तो शाफ्ट लागलाच नाही, आणि घण कागदावर राहिला. १८४२ मध्ये तो फ्रान्समध्ये ल क्रूझोच्या श्नायडरच्या कारखान्यात गेला, तर तिथे त्याचाच घण ठोकतोय! तो नसताना ती मंडळी त्याच्या कारखान्यात आली होती, वहीतलं रेखाटन बघून गेली होती आणि तेवढ्यावर त्यांनी यंत्र उभं केलं. ही हकिकत त्यानं आत्मचरित्रात सांगितली आहे. परत आल्यावर त्यानं त्याच वर्षी पेटंट घेतलं.

मी ही गोष्ट रविवारी आप्पांना सांगितली. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "चांगलं काढलं असणार. म्हणून बरोबर झालं." आणि मग, लेकीनं काही विचारलं नसताना, त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मी चाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती.

परदेशी गिऱ्हाइकाची एका पंपाच्या ब्रॅकेटची ऑर्डर आली होती. ड्रॉइंग बाहेरून आलेलं. आप्पांनी ते आपल्या शीटवर उतरवून पॅटर्न शॉपला दिलं. मिस्त्रीनं लाकडाचा पॅटर्न केला, बीड आटतं म्हणून शेकडा एक वाढवून घेतलं, सगळं चोख. चाळीस नग ओतले गेले. आणि पहिलाच नग बसवायला घेतला तेव्हा कळलं, की सगळे आरशातले आहेत. पुढचं मागे. ड्रॉइंग थर्ड अँगलचं होतं, आप्पांनी फर्स्ट अँगलचं समजून उतरवलं होतं.

"चिन्ह नव्हतं का?" लेकीनं विचारलं.

"होतं. कोपऱ्यात होतं. मी बघितलं नाही."

मालकानं दोष मिस्त्रीवर ठेवला. पॅटर्न उलटा, म्हणजे पॅटर्नमेकरची चूक, असा साधा हिशोब. मिस्त्रीनं कागदाबरहुकूम काम केलं होतं, पण त्याला ड्रॉइंगपेक्षा जास्त बोलता येत नव्हतं. त्याला काढून टाकलं. आप्पांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, नोकरी कायम व्हायची होती. दोन दिवस ते गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन मूळ ड्रॉइंग पुढे ठेवलं. आप्पांचे दोन महिन्यांचे पैसे कापले गेले, नोकरी राहिली. मिस्त्रीला परत बोलावणं गेलं, पण तोवर तो सांगलीकडे दुसऱ्या फाउंड्रीत लागला होता. तो आला नाही.

"तुम्ही त्यांना भेटलात का नंतर?" लेक.

"एकदा. बसस्टँडवर. च्या पाजला त्यानं मला."

आई पलीकडून म्हणाली, "आता ह्या पोरीला कशाला हे सगळं?" आणि विषय बदलला. लेक त्या दिवशी फार बोलली नाही.

व्यवहाराचं थोडं, कारण बऱ्याच आया मला मेसेजवर विचारतात. हा विषय सगळ्याच शाळांत हायरपर्यंत असतो असं नाही. आधी चौकशी करा. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर गणित आणि फिजिक्सला पर्याय म्हणून याच्याकडे बघू नका, त्यांच्या जोडीला घ्या. आर्किटेक्चर किंवा प्रॉडक्ट डिझाइनला बऱ्याच ठिकाणी कामाचा पोर्टफोलिओ मागतात, त्यात इथली रेखाटनं उपयोगी पडतात. प्रत्येक विद्यापीठाची अट वेगळी असते, ती त्यांच्याकडूनच वाचून घ्या, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून नको. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, ऑटोडेस्कचं इन्व्हेंटर आणि फ्यूजन विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. आणि घरात एक चांगली पेन्सिल आणि कोरे कागद ठेवा. मुलं पडद्यावर पटकन सुंदर मॉडेल करतात, पण हातानं रेखाटन करायला लाजतात.

जूनमध्ये आप्पा आणि आई पहिल्यांदाच इकडे आले. रात्री दहाला उजेड बघून आप्पांना झोप येईना, ते बागेत खुर्ची टाकून बसायचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी लेकीच्या मोबाईलवर निकालाचा मेसेज आला. गणित ए, फिजिक्स ए, ग्राफिक कम्युनिकेशन बी. तिचा चेहरा पडला. पाच विषयांतला आवडता विषय हाच, आणि बी इथेच. नवरा चक्क म्हणाला, "प्रीलिमच्या मानानं बी म्हणजे उडी आहे," आणि तिच्यासाठी जिलेबी आणायला निघाला. ॲबर्डीनमध्ये सकाळी आठला जिलेबी कुठे मिळणार होती, देव जाणे.

आप्पांना ग्रेडचं काही कळलं नाही. ते म्हणाले, "आठ तासांत काढलास तो कागद कुठंय? तो दाखव." असाइनमेंट बोर्डाकडे गेलेली, ती परत मिळत नाही. मग लेकीनं सरावासाठी काढलेलं एक ड्रॉइंग मोठ्या कागदावर छापून आणलं. टेबल दिवा. चार दृश्यं, एक छेद, बोल्टला रेघा नाहीत. आप्पांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर मिठाची बरणी, कप, चष्म्याची डबी आणि रिमोट ठेवला आणि वाकले. मला वाटलं आता एलिव्हेशन बघतील, मापं बघतील. त्यांनी आधी उजवीकडचा खालचा कोपरा बघितला. तिथलं चिन्ह तिनं नेहमीपेक्षा थोडं मोठंच काढलं होतं. आप्पांनी त्यावर बोट ठेवलं, क्षणभर तसंच ठेवलं, आणि मग वर सरकत प्लॅनकडे गेले.